दातांच्या दवाखान्यातली अडकलेली सीडी

दातांच्या मोठ्या डॉक्टरांचं डोकं त्यांच्याच लोखंडी स्टुलाने फोडलं होतं. एकदा नव्हे, सात-आठ वेळा. रक्त छतापर्यंत उडालं होतं. सकाळी कुलूप उघडणारी मदतनीस जिन्यात बसून ओकत होती.

कॉम्प्युटर जमिनीवर पडलेला, वायर उपटलेली. सीडीचा ट्रे मात्र बोटभर बाहेर आणि रिकामा.

इन्स्पेक्टर बाई पोचेपर्यंत दुपार झाली. तोवर हवालदाराने निकाल लावून टाकला होता.

"वीज नसताना ट्रे उघडायचा म्हणजे त्या बारीक भोकात पिन खुपसावी लागते, मॅडम. ही युक्ती दुरुस्तीवाल्याचीच. डॉक्टरांचा शेवटचा फोनही त्यालाच. उचललाय."

उचलणं आणि धुणं यात हवालदार फारसा फरक करत नसे. कोठडीत दुरुस्तीवाला भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात पोटाशी धरून. बाईंचं डोकं सणकलं, पण आधी प्रश्न विचारणं भाग होतं.

"फोन कशासाठी होता?"

"सीडी अडकलीय, ये म्हणाले. काल संध्याकाळी सातला गेलो. दार ठोठावलं, कोणी उघडलं नाही."

"भोकात काय घालतोस?"

"कागदाची क्लिप, सरळ करून. खिशात असतातच."

"ही युक्ती तिथे कोणी पाहिलीय?"

"मागच्या खेपेला मदतनीस आणि छोटे डॉक्टर, दोघं शेजारी होते."

बाई दवाखान्यात परतल्या. खुर्चीजवळच्या जंतुनाशकाच्या भांड्यात एकच सळई होती, कीड तपासायची. तिचं टोक तुटलेलं, पाणी गुलाबीसर.

"हे भांडं कधी रिकामं केलंस?" त्यांनी मदतनीसला विचारलं.

"सहाला, निघताना. सगळं धुऊन, पाणी बदलून; छोटे डॉक्टर हत्यारं तशीच टाकून जातात ना. मोठे डॉक्टर एकटेच होते."

"सीडीत काय होतं?"

"परवा दाढ काढताना दगावलेल्या पेशंटचे एक्स-रे. चौकशी समितीला देणार होते."

छोटे डॉक्टर म्हणजे मेलेल्या डॉक्टरांचे पुतणे. शोक त्यांना शोभत होता. "मी पाचलाच गेलो. कॉम्प्युटर हे काकांचं खातं."

बाईंनी ट्रेच्या भोकातून चिमट्याने पोलादाचा कण काढला. तो सळईला तंतोतंत बसला.

"ही सळई सहानंतर भांड्यात पडली. दुरुस्तीवाला खिशातली क्लिप सोडून दातांचं हत्यार कशाला घेईल? मदतनीसने टाकली असती तर आधी धुतली असती, रोज तेच करते ती. तुम्ही मात्र हातातलं काम संपलं की हत्यार रक्तासकट भांड्यात सोडता. धुणारं कोणीतरी असतंच. पेशंट तुमच्या हातून मेला, डॉक्टर. काका ते लपवायला तयार नव्हते."

पुढच्या क्षणी पुतण्याने काउंटरवरचा चाकू उचलून बाईंच्या गळ्यावर झेप घेतली. पातं खांद्यात घुसलं. बाईंनी त्याचं मनगट धरून खुर्चीच्या दांड्यावर आपटलं, हाड मोडेपर्यंत. सीडीचे तुकडे त्याच्या गाडीत सापडले.

खांद्याला पट्टी बांधून त्या कोठडीत गेल्या.

"सुटलास."

दुरुस्तीवाल्याने हात पुढे केला. तीन बोटं काळीनिळी, उलट्या दिशेला वाकलेली.

"मॅडम, माझं काम मोहरीएवढ्या स्क्रूंचं आहे. आता ते कोण धरणार?"

बाईंना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. दारात उभ्या हवालदाराकडे त्यांनी हात केला. "पट्टा आणि टोपी टेबलावर ठेव."

मग कोरा कागद पुढे ओढून त्या दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या, "कोणी मारलं, कशाने मारलं, सगळं सांग. मी लिहून घेते."