थांबवलेलं चित्र

०.७१

मानेतल्या शिरेची भिंत मिलिमीटरहूनही पातळ असते. सोनोग्राफीचं चित्र पडद्यावर थांबवायचं, भिंतीच्या दोन्ही कडांवर खुणा ठेवायच्या, मधलं अंतर वाचायचं. भोरच्या एसटी स्टँडमागे, दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं हे काम करतो. मी नूतन, आणि कुमार. चित्रांवर नावं नसतात. वाचलेलीच काही गुपचूप पुन्हा मिसळलेली असतात, आमचे हात किती चुकतात ते कळायला.

चुकतातच. कुमारचा आकडा माझ्याशी जुळत नाही, माझा कालचा आजच्याशी जुळत नाही.

"तुझा हात जड आहे," तो म्हणतो. जिना चढून आला की त्याला धाप लागते. मला हल्ली लागत नाही.

"तू आधी चष्मा पूस."

थोडा फरक चालतो.

०.७८, मी
०.८६, कुमार
०.९५, पुन्हा मी

एवढा नाही चालत. एकच चित्र, दर वेळी भिंत जाड. खुणा ठेवून मी पाणी प्यायला उठले. परत आले तर कड खुणेच्या बाहेर गेलेली.

थांबवलेलं चित्र सरकत नाही. यंत्रात बिघाड नव्हता. बाकीची चित्रं जागच्या जागी होती.

असा फरक आला की नाव उघडून माणसाला पुन्हा बोलवायचं, असा नियम आहे. नाव निघालं: पारूबाई, विंझर.

(विंझर, तपासणी शिबिराची सकाळ)

शाळेची खोली, खिडक्या लावलेल्या. यंत्र नीट चालतंय का बघायला कुमारने नेहमीसारखी आधी माझीच मान तपासली. तेही चित्र बाकीच्यांतच जातं. मला श्वास धरायला सांगून चित्र थांबवलं आणि बाहेर टेम्पोवाला हाका मारत होता म्हणून तो तसाच पळाला.

पारूबाई पहिल्या आल्या. जेल लावल्यावर म्हणाल्या, "काय गं गार! मानंला लोनी चोळतीस व्हय?"

"आजी, बोलू नका आता. श्वास धरा. गिळू नका."

त्यांनी धरला. मी चित्र थांबवलं. तेवढ्यात लाईट गेली. यंत्र बॅटरीवर चालत राहिलं, पण बायांचा गलका झाला. अंधारातच मी त्यांची मान पुसली आणि पुढच्या बाईला बोलावलं.

१.१०

पारूबाईंचा मुलगा सोपान त्यांना दंडाला धरून वर घेऊन आला.

"तुमी फोन केला नसता तरी येनारच हुतो, मॅडम. शिबिरापासनं आईला गुदमरल्यागत हुतंय. डॉक्टर म्हनतोय, काय न्हाई." मग हळूच, "जगंल ना वो?"

पारूबाईंचे ओठ निळसर पडले होते. कुमारने चहा मागवला. त्यांनी कप तोंडाशी धरला.

वाफ सरळ वर गेली. नाकापाशी हलली नाही, ओठांपाशी हलली नाही. सोपानच्या कपावरची पसरत होती.

"आजी, काय होतंय?"

आवाज घशाच्या फार मागून आला.

"तू धर म्हनलीस. म्या धरला."



एक शब्द मी प्रत्येकाला म्हणते. चित्र थांबलं की लगेच.

"आजी," मी म्हणाले, "सोडा."

०.७१

श्वास सुटला तो सुटतच राहिला. टेबलावरचे कागद उडाले. मग पारूबाई खोकल्या, चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय."

सोपान हसता हसता डोळे पुसू लागला. "मला वाटलं, गेलीच आता."

"कुठं जातीय? म्हशीचं कोन बघंल, तू?"

त्याच चित्रावर कुमारने खुणा ठेवल्या, मी ठेवल्या. आमचे आकडे पहिल्यांदाच तंतोतंत जुळले. मला इतकं हलकं वाटलं की कितीतरी वेळ मी नुसती बसून राहिले.

कुमार त्यांना एसटीत बसवायला गेला. जाताना माझ्यासाठी दुसरा चहा सांगून गेला. चहा आला तेव्हा मी पुढचं चित्र उघडलं होतं. नाव नव्हतं. तरुण शीर.

०.५२
०.६०

मी खुणा पुन्हा ठेवल्या.

०.७३

जिन्यावर कुमारची धाप ऐकू येत होती. तो वर येतच होता.

मी कप तोंडाशी धरला.

वाफ सरळ वर गेली.