वावटळीच्या भुवईवरचा व्रण

मुखवटा काढला तरी बाईची नजर सारखी दाराकडे धावत होती.

"थिएटरच्या भिंतीवर कुणीतरी रंगाने माझं खरं नाव लिहिलंय," ती म्हणाली. "खाली खूण: उजव्या भुवईवर व्रण. नवरा मला शोधतोय. त्याने वाचलं तर मी मेले." तिने डाव्या भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवलं. "ही त्याचीच मेहेरबानी."

रंगमंचावर ती 'वावटळ'. मुखवट्यात नाचणारी.

गुप्तहेराने दात कोरणं थांबवलं. "उठा, मेहुणे."

मेहुणा चपला शोधत म्हणाला, "भाऊजी, चाकूबिकू नसेल ना?"

थिएटरात तिचा चेहरा पाहिलेले तिघेच.

मॅनेजर घाम पुसत होता. "मुखवट्यावर तर तिकिटं खपतात. मी माझ्याच पोटावर पाय देऊ?"

विदूषक रोज तिच्यासमोर बसून डबा खायचा. "माझंच खरं नाव मला आठवत नाही, साहेब."

टोपवाल्या मावशी एका नटाच्या मागे उभ्या राहून त्याला केसांचा टोप चढवत होत्या. वळल्या नाहीत, आरशातूनच बोलल्या. "पोरगी जीव तोडून नाचते आणि टाळ्या वावटळीला. तिच्या नावाला काहीच नको?"

"विदूषकच," मेहुणा कुजबुजला. "फार हसतो."

नट उठताच भाऊजींनी मेहुण्याला खुर्चीत दाबलं आणि त्याच्या डाव्या भुवईवर लाल ठिपका लावला.

"आरशातलं हे ध्यान आपल्याकडे तोंड करून बसलंय. ठिपका त्याच्या कुठल्या भुवईवर?"

"उजव्या." मेहुण्याने भुवई चाचपली. "अरेच्चा."

"बाकीच्या दोघांनी तिला समोरून पाहिलंय, त्यांनी डावीच लिहिली असती. मागे उभं राहून आरशातच चेहरा पाहणारं इथे एकच माणूस."

मावशींच्या हातातली पिन पडली. "तिचं नाव व्हावं म्हणून केलं हो. नवऱ्याचं मला ठाऊक नव्हतं."

"विचारलंत?"

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. "तिकीट-खिडकीवर एकजण तेच नाव विचारतोय."

भाऊजींनी पोलिसांना फोन लावला, बाईला मागच्या दाराने पिटाळलं. मावशींनी लाल रंग उचलला, स्वतःच्या उजव्या भुवईवर रेघ ओढली आणि बाहेर गेल्या.

"ते नाव माझं. काय काम?"

"माझंही," मागून विदूषक.

"म-माझं पण," मेहुणा.

खिडकीपाशी रांग वाढत गेली. शेवटी माणूस खवळला.

"येडा समजता काय मला? व्रण डावीकडे आहे. मीच केलाय, मला माहीत नसणार?"

रांगेत त्याच्या मागे येऊन थांबलेल्या पोलिसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं. आता तुझं खरं नाव सांग."