ढब्बूचा बोगदा

“अहो, पॉलिश ओलं आहे!”

कुंपणापलीकडून आरोळी आली तेव्हा ती अंगणात अनवाणी, नखशिखान्त भिजलेली, पाण्याची नळी हातात घेऊन उभी होती. पाण्याच्या धारेवर झडप घालणं हा तिच्या कुत्र्याचा, ढब्बूचा, लाडका खेळ. ढब्बूनं उडी मारली, तिनं नळी वर केली आणि धार थेट शेजारच्या सुताराच्या नव्याकोऱ्या खुर्चीवर!

“सॉरी… अगदी मनापासून सॉरी हं!”

तो तिला चांगलंच फैलावर घ्यायच्या बेतात होता. पण तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि त्याचा राग मध्येच कुठेतरी अडखळला.

“राहू द्या. खुर्ची वाळेल,” तो म्हणाला. “तुम्ही… आधी डोकं पुसा.”

ती दातांची डॉक्टर होती. दिवसभर आ वासलेल्या माणसांशी एकटीनंच बोलायचं, उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही. त्यामुळे उलट बोलणारा माणूस भेटला की तिला कोण आनंद व्हायचा! आणि हा गडी तर फटाफट बोलणारा.

“तुमचं हे ध्यान दिवसेंदिवस फुगत चाललंय,” दुसऱ्या दिवशी तो कुंपणापलीकडून म्हणाला.

“ध्यान कुणाला म्हणता?”

“कुत्र्याला हो! डॉक्टरांना म्हणायची माझी काय बिशाद?”

ती खळखळून हसली. त्याच आठवड्यात त्यानं उरलेल्या लाकडाचा एक अडथळा बनवून कुंपणावरून दिला. ढब्बूनं त्यावरून उड्या मारायच्या. मग तोल सांभाळत चालायला एक अरुंद फळी आली. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी अंगणात नुसता धुडगूस. ढब्बू उडी मारायचा, फळीवरून घसरायचा, कुंड्यांमागे लपवलेली बिस्किटं हुंगत फिरायचा. आणि पलीकडे तो चहाचा कप घेऊन टाळ्या पिटायचा. तिला आता आरशासमोर जरा जास्तच वेळ लागायला लागला होता.

पण तो आत यायचं नाव काढत नव्हता.

“या ना, फाटक उघडंच आहे.”

“नको… हात रंगाचे आहेत.”

कधी सरस वाळत असायचा, कधी गिऱ्हाईक यायचं असायचं. तो तिला आवडला होता, अगदी मनापासून. म्हणून ते ‘नको’ तिला लागायचं.

“त्याच्या मनात काही नाही गं,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली. “असतं, तर फाटक काय कोसावर आहे?”

तिनं मनाशी ठरवलं, रविवारी शेवटचं बोलवायचं. नाही आला, तर कुंपणाशी रेंगाळणं बंद.

रविवारी बोगदा आला. दोन्ही तोंडं उघडी असलेली लाकडी लांब पेटी. तिनं पलीकडच्या तोंडाशी बिस्कीट धरलं. ढब्बूचं डोकं बाहेर आलं, पुढचे पाय आले… आणि पोट अडकलं. तो केविलवाणा कुंईकुंई करू लागला.

“अहो, माप नव्हतं घेतलंत?” ती ओरडली. “खुर्चीचा पायसुद्धा तीनतीनदा मोजता तुम्ही!”

“अंदाजानं केलं…”

“अंदाजानं? का पण?”

“माप घ्यायला जवळ यावं लागतं.” त्याचा चेहरा पडला. “मला कुत्र्यांची भीती वाटते हो… लहानपणापासून.”

तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. दवाखान्यातल्या खुर्चीचे हात लोक जसे घट्ट धरतात, तसंच त्यानं कुंपण धरलं होतं. रोज घाबरलेल्या माणसांत वावरणारी ती, आणि नेमका हाच माणूस तिला ओळखता आला नव्हता! तिला स्वतःचाच राग आला.

“स्क्रूड्रायव्हर द्या इकडे. मी काढते स्क्रू.”

“नको, फळी निसटली तर त्याला लागेल.”

आणि तो आला. फाटकातून, पांढराफटक चेहरा घेऊन आला. ढब्बूचं तोंड त्याच्या कानाशी, तरी एकेक स्क्रू निघत होता. ती शेजारी गुडघे टेकून हळूहळू बोलत राहिली, “लांब श्वास घ्या… छान… झालंच आता.”

“हे… ढब्बूला सांगताय की मला?”

“दोघांनाही.”

वरची फळी निघाली मात्र, ढब्बू सुटला तो थेट त्याच्या अंगावर! गाल, कान, मान, सगळं चाटून काढलं. तो डोळे गच्च मिटून बसला. तिनं त्याचा हात धरून अलगद ढब्बूच्या पाठीवर ठेवला. हळूहळू त्याची बोटं सैल झाली. तिनं मात्र आपला हात काढला नाही.

“इतकी भीती वाटते, तर एवढं सगळं त्याच्यासाठी केलंत कशाला?”

त्यानं एक डोळा उघडला.

“त्याच्यासाठी कुठे? तो खेळायला लागला की… तुम्ही अंगणात येता.”

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

“वेडे आहात. नुसती हाक मारली असती, तरी आले असते.”

त्यानं दुसराही डोळा उघडला. मग त्यानं हाक मारली. ‘डॉक्टर’ नाही, तर नावानं.

ती हातभर अंतरावरच होती. तरी तिनं मोठ्यानं ओ दिली.