राजाचं रिंगण

शेकोटीत तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या सारून रुपरावांनी संत्र्याच्या बागेवर एक नजर फिरवली. मृग बहाराची फळं झाडावर होती, तेव्हा रात्रीच्या जागलीला माणूस लागायचाच. आज सोबतीला पुतण्या गौरांग आणि त्याचे दोन मित्र होते, आणि पोरांना पलीकडच्या टेकडीवर जाऊन व्हिडिओ काढायचा होता.

"जा ना गा," रुपराव म्हणाले. "पण पहिले हर्षाचं ऐकून घ्या. माही सख्खी भाची आहे ते. ऐकीव नाही सांगून राहिलो. घरात कोणी हे बोलत नाही."

मागच्या वर्षीची पौष अमावस्या. बुधवार. हर्षा आणि तिचा नवरा अंकुश नागपूरहून मोटरसायकलने आले ते मामाच्या बागेतून संत्र्यांची पेटी न्यायला. घरी तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

अंकुश गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. हर्षा पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, आणि पायाळू माणसाच्या तळव्यांना जमिनीतलं धन कळतं, असं आपल्याकडे मानतात. मुलगी पाहायला आला तेव्हा अंकुशने तिचं शिक्षण विचारलं नव्हतं, स्वयंपाकही नाही. पायाळू आहे का, एवढं एकच विचारलं होतं. तेव्हापासून हर्षाच्या मनात काटा होता. याला मी हवी होते, की माझे पाय? लग्नानंतर किती पडक्या गढ्या, किती माळ त्याने तिला अनवाणी तुडवायला लावले. आज शेवटचं, अशी त्याने शपथ घेतली होती. तिला ती खरी मानायची होती.

टेकडीवर मोठमोठ्या काळ्या दगडांचं रिंगण आहे. कोण्या प्राचीन राजाला तिथे पुरलंय म्हणतात. सरकारी पाटी केव्हाच गंजून पडली. गुराखी मात्र अजून रिंगणाला वळसा घालून जातात. आत पाय ठेवत नाहीत.

रात्रीची जेवणं झाल्यावर पेटी गाडीला बांधून दोघं निघाले आणि डांबरी रस्ता सोडून टेकडीकडे वळले. वर पोचल्यावर अंकुशने पिशवीतून ऑनलाइन मागवलेलं धातू शोधायचं यंत्र काढलं. हर्षा चपला काढून रिंगणात शिरली. यंत्र वाजलं. अंकुश हरखला. ती बाजूला सरकली, तर ते तिच्यामागेच वाजत गेलं.

"तुह्या जोडव्यानं वाजून राहिलं वं हे. काढ ते."

"लग्नातली आहेत. अमावस्येला कशी काढू?"

"पाच मिनिटं! कोण पाहून राहिलं इथं?"

तिने काढली. त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली, नारळ फोडला आणि गुप्तधन काढणारे बोलतात तसं मोठ्याने बोलला, "राजे, तुमचं धन आमाले द्या. माह्यापाशी तुमाले जे आवडंन ते घ्या."

वारा पडला. रातकिडे थांबले.

हर्षाच्या तळव्यांना ऊब लागली. पौषातली थंडी, आणि पायाखालची जमीन गरम. जणू खालून कोणी तळहात टेकवला होता.

"इथं," ती म्हणाली. आता तरी हा आपल्याकडे पाहील, असं तिला वाटलं. तो लोखंडी सब्बल आणायला धावला.

थोडं खणल्यावर सब्बल फरशीवर आदळली. त्याने ती कशीबशी सरकवली. खाली पोकळी. टॉर्च घेऊन तो उतरला.

"काय दिसते?"

ती कडेला वाकली.

"अहो..."

खालून आवाज आला. अंकुशचाच. पण तो तिच्याशी बोलत नव्हता.

"नाही जी... तिच्या पायात काही नाही."

मग पुन्हा त्याचाच आवाज.

"हो जी. घ्या."

टॉर्च विझला.

हर्षाला पळायचं होतं. पाय उचलेना. घोट्याभोवती काहीतरी मिटलं. एक बोट. मग दुसरं. घाई नव्हती. दरडावणं नव्हतं. कोणी मानाने पाय मांडीवर घ्यावा, तसं...

रुपराव थांबले. शेकोटीत एक तुऱ्हाटी तडकली.

"ते घरी पोचले नाही म्हणून बहिणीचा फोन आला. मी उजाडता उजाडता टेकडीवर गेलो. पेटी गाडीवर जशीच्या तशी. फरशी जागच्या जागी, अन् वर गवत उगवलेलं. अंकुश रिंगणाबाहेर बसून होता. मले पाहून म्हणे, मामाजी, तुम्ही काहून आले? मग रिंगणात पडून असलेल्या हर्षाकडे बोट दाखवलं. म्हणे, ह्या बाई कोण?"

"बापरे. अजूनही?" गौरांगने विचारलं.

"अजूनही. दुकान आठवते, आई आठवते. एक हर्षाच आठवत नाही. खिशातले चांदीचे जोडवे घेऊन आठ दिवस लोकाइले विचारत होता, हे कोणाचे गा?"

"आणि हर्षाताई?"

रुपरावांनी टेकडीकडे पाहिलं.

"तिचे जोडवे त्याच्या खिशात होते ना... मी तिले उचललं, तं तिच्या बोटांत जोडवे होते. तांब्याचे. हिरवे पडलेले. निघतच नव्हते. काटोलच्या सोनाराकडे नेलं. त्यानं कानस लावली, वाकून पाहिलं, अन् कानस खाली ठेवली."

"काहून?"

"म्हणे, काका, हे आता घातलेले नाहीत. लहानपणापासून बोट यातच वाढलं आहे."