चितऱ्याची भाकर

कंदील बारीक करा रे, घासलेट फुकट येत नाही. आणि मधात 'मग? मग?' करायचं नाही. ही माझ्या साडूची गोष्ट आहे. खोटी वाटली तर उठून घरी जा.

साडू म्हणजे बाजारहत्नूरचा महिपत माळी. दिवाळीनंतरच्या अमावस्येला वांग्याची गाडी भरून उटनूरच्या बाजाराला निघाला. सोबत चितऱ्या कुत्रा घ्यायचा होता. परत मात्र आणायचा नव्हता.

कुत्रा त्याच्या पहिल्या बायकोचा, देवकाबाईचा. एवढंसं पिल्लू होतं तेव्हापासून तिनं हातानं भरवलेला. विळ्यानं तिची करंगळी गेली होती. भाकर थापली की तीनच बोटं उमटायची.

ती तापानं गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर थवा बसलेला, खाली एक उतरेना. भात वाळला, माणसं उन्हानं कावली. शेवटी महिपतनं हात जोडले, "देवके, चितऱ्याले मी अंतर देणार नाई. मरेपर्यंत आपल्या दारातच राहीन तो."

शब्द तोंडातून पडला अन् कावळा खाली.

वर्ष सरायच्या आत प्रयागबाई घरात आली. बाई कष्टाची, खोटं कशाला बोलू. पण चितऱ्या तिची भाकर हुंगायचा अन् तोंड फिरवायचा. दुधात कुस्करून दिली. मटणाचा रस्सा ओतला. महिपतनं त्याच्यासमोर घास खाऊन दाखवला. छे! फासळ्या वर आल्या, पण हट्ट जाईना. विहिरीवर बाया हसायच्या, "प्रयागे, तुयी भाकर कुत्रं बी खात नाई वं!"

तिनं एक दिवस परात आपटली. "ते राहीन नाईतर मी. सांगा काय ते."

महिपतनं अमावस्येला गाडी जुंपली.

चितऱ्या काही केल्या गाडीत चढेना. ओढला, तर पाय रोवून उभा. तेव्हा महिपत त्याच्या कानाशी वाकला अन् म्हणाला, "चल रे, देवकाबाई बलावून राह्यली."

कुत्र्यानं टुणकन उडी मारली. रस्ताभर शेपूट हलवत बसला.

मेलेल्या माणसाचं नाव असं वापरू नये. वापरलं त्यानं.

उटनूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला, मोहाच्या झाडाला त्याला बांधलं. कुत्रा भुंकला नाही. महिपतकडं पाहिलंही नाही. रस्त्याकडं तोंड करून बसला... ती कोणीकडून येते ते पाहत.

वांगी विकून परतायला अंधार पडला. ओढ्यापाशी बैल थांबले. हाणले तरी हलेनात.

मागून आवाज आला.

थप... थप... थप...

भाकर थापल्याचा. त्या रानात ना घर, ना चूल, ना जाळ.

"कोण हाय?"

आवाज थांबला. बैल चालू लागले. आवाजही चालू लागला.

थप... थप...

महिपतनं मागं पाहिलं नाही. गाव आलं. दार ठोठावलं. प्रयागबाईनं आतून कडी काढली. डोळे झोपेनं जड.

"सोडलं का त्याले?"

महिपत कान देऊन ऐकत होता. आता आवाज घरातून येत होता. स्वयंपाकघरातून.

तिनंही ऐकला.

थप...

मग काहीच नाही.

कंदील घेऊन दोघं आत गेली. चूल थंड. राख काढून सारवलेली, जशी तिनं संध्याकाळी सारवली होती तशी. परात कोरडी, भिंतीला टेकवलेली.

कोपऱ्यात चितऱ्याची जर्मन धातूची ताटली. ताटलीत एक भाकर. वाफ निघत होती. एका कडेनं कुत्र्याच्या दातांनी तोडलेली.

"तुयी हाय का?" महिपतनं विचारलं.

प्रयागबाई खाली बसली. भाकरीवर उमटलेल्या बोटांवर तिनं आपली बोटं ठेवून पाहिली. एक... दोन... तीन...

तिची करंगळी कोऱ्या भाकरीवर पडली.