गॅरेजमध्ये शहाणी, दारात हट्टी!

कर्रर्रर्र!

"झालं! परत सुरू!" मामाने स्टिअरिंगवर हात आपटला.

व्हॅनच्या टपावर तराफा बांधलेला होता. सतत कुठेतरी चढणारी म्हणून खारूताई म्हणवली जाणारी पोर, तिचा दादा आणि मामाचा मुलगा प्रश्न्या यांनी अख्खी सुट्टी खपून, रिकामे डबे आणि फळ्या जोडून तो बनवला होता. आज दुपारी तळ्यावर तराफ्यांची शर्यत होती! आणि व्हॅन काही अंगणातून मागे सरकेना. रिव्हर्स टाकला की गिअर नुसता ओरडायचा.

"नवीन क्लच बसवला, तरी असं का?" प्रश्न्याने विचारलं. दिवसभर त्याचं हेच चालायचं, म्हणून तर ते नाव पडलं होतं.

"उस्तादांनाच विचार! दोनदा गॅरेजमध्ये नेली. तिथे अगदी शहाण्यासारखी वागते. घरी आणली की हिचं रडगाणं सुरू!"

कोपऱ्यावरच्या गॅरेजचे उस्ताद म्हणजे मामाचे लहानपणापासूनचे दोस्त. ते हात पुसत आले ते तणतणतच.

"तुला क्लच नीट दाबता येत नाही, त्याला मी काय करू?"

"मला येत नाही? अरे, आपण दोघं एकाच गाडीवर शिकलो!"

"आणि कुंपणात कोणी घातली होती ती?"

दादाला हसू आवरेना.

उस्तादांनी दार उघडलं, पायाखालची मॅट उचलून कट्ट्यावर ठेवली, आत बसले, क्लच दाबला आणि रिव्हर्स टाकला. आवाज नाही, काही नाही!

"बघ! गिअर कसा पडला!" उतरून त्यांनी मॅट पुन्हा जागेवर ठेवली.

मामा ऐटीत बसला. कर्रर्रर्र!

आता मात्र उस्तादांनी डोकं खाजवलं. "गिअरबॉक्स उतरवूनच बघावा लागेल. गाडी उद्या मिळेल."

उद्या! खारूताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उद्या शर्यत थोडीच थांबणार होती?

"उस्तादकाका, तुम्ही मॅट का काढली?" प्रश्न्याचं सुरूच होतं.

"माझे बूट तेलकट. गिऱ्हाईकाची मॅट मी कधी खराब करत नाही. गॅरेजमध्येही आधी मॅट बाहेर, मग मी आत!"

खारूताईने डोळे पुसले आणि टुणकन उडीच मारली! तिने दादाला आणि प्रश्न्याला ओढत व्हॅनमागे नेलं.

"गाडी गॅरेजमध्ये शहाणी, कारण तिथे मॅट नसते!"

"मग सांगू या की!" दादा म्हणाला.

"ऐकतील का ते? दोघंही हट्टाला पेटलेत. दाखवायलाच हवं!"

दादाने धावत जाऊन रद्दीतला कागद आणला. खारूताईने तो मॅटवर नीट अंथरला आणि साळसूद चेहरा करून म्हणाली, "उस्तादकाका, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एकदा, फक्त एकदा बघा ना! बुटांसाठी कागद घातलाय, बसा बिनधास्त!"

"गुणी पोरगी!" उस्ताद खूश होऊन बसले.

कर्रर्रर्रर्र!

"अरेच्चा!" उस्तादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामा तर पोट धरून हसायला लागला. "काय रे, तुलाही दाबता येईना?"

खारूताईने कागदासकट मॅट खस्सकन ओढली. "आता टाका!"

गिअर गुपचूप पडला.

उस्तादांनी मॅट हातात घेऊन दाबून पाहिली. "केवढी जाड ही! अरे, तुझा जुना क्लच वरच सुटायचा. हा नवा मात्र, पेडल तळापर्यंत गेल्याशिवाय सुटत नाही. मॅटमुळे पेडल मध्येच अडतंय, मग गिअर ओरडणारच! कोणी आणली ही?"

मामाचं हसू कुठल्या कुठे पळालं. "नवीन क्लच बसला ना... म्हणून हौसेने मीच घेतली."

"आणि मी मुकाट्याने काढत-घालत बसलो! चूक माझीही आहे." उस्तादांनी खारूताईच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तेलकट पाहून मागे घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "शाब्बास पोरांनो! तुम्ही नसता, तर आम्ही दोघा शहाण्यांनी आज चांगली गाडी खोलून ठेवली असती!"

"आता चला ना, उशीर होतोय!" दादा ओरडला.

"थांबा, मीही येतो!" उस्ताद मामाच्या शेजारच्या सीटवर चढले. "आणि या मॅटचं काय करायचं?"

खारूताई केव्हाच टपावर चढली होती. तिने मॅट ओढून घेतली आणि तराफ्यावर मधोमध दोरीने करकचून बांधली. फळ्यांवर बसून तिला कालच कुसळं टोचली होती!

ती उतरून आत बसल्यावर मामाने क्लच दाबला. व्हॅन आवाज न करता मागे सरकली आणि तळ्याच्या रस्त्याला लागली.