कान ओळखणारी भिंत

दिगंबर आठल्ये पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. गाणं ऐकण्यापायी घर डोक्यावर घेणारा माणूस. सोलापुरातल्या त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंती पुन्हा एकदा बदलत होत्या. "आता जेवायचं कुठे, तेवढं सांगा!" कुमुदताई करवादल्या, पण मनातून त्या हरखल्या होत्या. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी त्या गात आणि नवरा डोळे मिटून दाद देई. त्या दादेवर तर त्या जगत होत्या. आता त्यांचा स्वर न् स्वर त्याच्या कानी पडणार होता.

भिंती बसवायला आली होती सरांचीच विद्यार्थिनी, ध्वनितज्ज्ञ डॉ. अर्पिता शेंबेकर.

"सर, ही प्रतिनादी भित्ती. नको त्या लहरीवर ती नेमकी उलटी लहर सोडते. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात."

"ते जुनंच गं. पण नको ते कुठलं, हे ठरवणार कोण?"

"तुमचा कान. नावडता आवाज आला की कानातला इवलासा स्नायू आखडतो. त्याला भीडभाड नसते! तुमच्या या खुर्चीतला संवेदक ते टिपतो आणि भिंत तो आवाज कायमचा ओळखून ठेवते. मग तो तुमच्या कानापर्यंत पोचतच नाही. हे फक्त खुर्चीतल्या माणसापुरतं हं. बाकी खोलीत सगळं जसंच्या तसं."

आधी फ्रिजची घरघर गेली, मग शेजारच्यांचा मिक्सर. सर बेहद्द खूश! खुर्ची सोडवेना त्यांना.

एका संध्याकाळी कुमुदताईंनी तानपुऱ्याचं यंत्र लावलं आणि यमन सुरू केला. सर खुर्चीत डोळे मिटून डोलत होते. अंतऱ्यात ताईंना ठसका लागला, शब्द विसरले. त्या थांबल्या. तानपुरा तेवढा वाजत राहिला.

"वा! क्या बात है!" सर म्हणाले.

चेष्टा करतायत मेले, असं वाटून ताई हसल्या. पाणी प्यायल्या. तेवढ्यात सरांनी मांडीवर थाप मारली. "अहाहा! जियो!"

ताईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

"अहो," त्यांनी हाक मारली. मग मोठ्याने, "अहो!"

सर डोलतच होते.

त्यांना अर्पिताचं बोलणं आठवलं: नावडता आवाज, आणि भीडभाड नसलेला कान. इतकी वर्षं! त्यांनी तानपुरा बंद केला. सरांनी लगेच डोळे उघडले.

"काय आवाज लागला होता गं आज!"

"मी गायलेच नाही," कुमुदताई म्हणाल्या. रडू आवरत नव्हतं.

त्यांचे ओठ हललेले सरांना दिसले. ते प्रेमाने हसले.

"हो हो, म्हण की अजून एक."